वऱ्हाडी कथा परत का येते, आणि पंचेचाळीस हजारांच्या पुस्तकाचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यात शेती सांभाळून कथा लिहितो. अकरा झाल्या, बहुतेक वऱ्हाडीत. तीन दिवाळी अंकांकडे पाठवल्या, दोन परत आल्या. एका संपादकांनी ‘बोलीचा अतिरेक, विषय ओळखीचा’ एवढंच कळवलं. आता एक प्रकाशक म्हणतात, पंचेचाळीस हजार द्या, दिवाळीपर्यंत तीनशे प्रती काढून देतो. लिखाण सुधारावं कसं, आणि पैसे द्यावेत का?

भाऊ, पैसे आज देऊ नका. त्याचं गणित पुढं मांडतो, आधी कथा.

‘बोलीचा अतिरेक’ हा शेरा पुष्कळदा बोलीबद्दल नसतोच. कथेत काही घडत नसलं की वाचकाला शब्द टोचायला लागतात. घडत असलं की तोच वाचक ‘काहून’ आणि ‘रायलो’ सहज गिळून पुढं जातो. ‘विषय ओळखीचा’ याचा अर्थही ठरलेला आहे: नापिकी, कर्ज, आजारी पोर आणि शेवटच्या परिच्छेदात फास नाहीतर फवारणीचं औषध. विषय खोटा नाही, पण कथा हिशोब न जुळवता मिटवलेली असते. म्हणून आधी हिशोब पाहू, मग बोली.

खेड्यातल्या माणसांचे संबंध देण्याघेण्यात गुंतलेले असतात, आणि तिथं जन्म काढलेल्या लेखकाला ते शहरातल्यापेक्षा चांगले माहीत असतात. तरी कागदावर येताना नेमकं तेच गळतं आणि ‘गरिबीने गांजलेला’ असं विशेषण उरतं. कथा लिहायच्या आधी वहीचं एक पान घ्या. प्रत्येक पात्रापुढं चार रकाने आखा: कोणाचं देणं, किती, कधीपर्यंत, आणि हे कोणाकोणाला ठाऊक आहे. देणं पैशाचंच हवं असं नाही. धुऱ्यावरची, म्हणजे शेजाऱ्याच्या बांधालगतची, नांगराची दोन तासं आपल्यात ओढून घेतलेली असतात, लग्नात परत न आलेला आहेर असतो, पोळ्याच्या तोरणाखाली कोणाची जोडी पुढं उभी राहिली हेही असतं. चौथा रकाना भरताना घाई करू नका. तिथं सगळ्यांपुढं ‘गावाला ठाऊक’ असंच येत असेल, तर तुमच्या हातात बातमी आहे, कथा अजून नाही.

एक नमुना घेऊ. अशा कथांत हमखास येणारा प्रसंग:

गरिबीने गांजलेला नामदेव मालकाच्या दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांत आसवं तरळत होती. ‘मालक, मले पैशे द्या ना जी, माहा पोट्टा लय बिमार हाय,’ तो काकुळतीला येऊन म्हणाला. पण मालकाच्या काळजाला पाझर फुटला नाही.

इथं सगळं सांगून टाकलंय, वाचकाला करायला काही उरलेलं नाही. आता रकाने भरून तोच प्रसंग:

नामदेव ओसरीच्या पायरीखाली उभा राहिला.
‘वखराची पास पाजवून आनली जी.’
‘बरं.’
‘लोहारानं चाळीस घेतले.’
मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. नामदेव हलला नाही.
‘पोट्ट्याले यवतमाळले न्या लागते म्हन्ते डॉक्टर.’
‘पाडव्यापासून किती उचल झाली तुही?’
‘वीस.’
‘बावीस. पोळ्याले दोन नेले.’
नामदेवनं मान डोलावली. पोळ्याचे दोन हजार मालकिणीनं आपल्या जवळचे म्हणून दिले होते. वहीत लिहायचे नाहीत म्हणाली होती.

काय बदललं ते बघा. सालगडी मागायला आला तरी आधी कामाचं बोलतो, कारण तो तसाच बोलतो. चाळीस रुपये लोहाराचे आहेत, पण त्यांतून तो स्वतःच्या प्रामाणिकपणाची साक्ष काढतोय. सालाचा हिशोब पाडव्याला सुरू होतो हे वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. आणि शेवटच्या दोन ओळींत चौथा रकाना उघडला: मालकिणीनं शब्द मोडला, की मालकांनी तिचीही वही तपासली? आता पैसे मिळतात की नाही, एवढ्यासाठी वाचक थांबलेला नाही. त्याला त्या घरात डोकावायचं आहे. ‘आसवं तरळली’, ‘काळजात चर्र झालं’, ‘मायेचा हात फिरवला’ हे शब्द दुसऱ्या खर्ड्यात शोधून काढून टाका. जिथं असा शब्द होता, तिथं बहुतेक वेळा एक आकडा किंवा एक वस्तू यायची राहिलेली असते.

‘कधीपर्यंत’ हा रकाना कथेचं घड्याळ असतो. आपल्याकडं ते तयार मिळतं: ७ जूनच्या आसपास मृग, पेरणी, पाऊस दडला तर दुबार पेरणी, पोळा, कापसाच्या पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीत सीतादहीची पूजा, मग काट्यावर वजन, चुकारा म्हणजे कापसाचे पैसे, आणि पाडवा. कथा यातल्या कोणत्याही दोन टप्प्यांच्या मधल्या काळात बसवा, वर्षभर पसरू देऊ नका. दिवाळी अंकाची कथा अडीच ते साडेतीन हजार शब्दांची असते. तिच्यात तीन ते पाच प्रसंग मावतात, सहावा घुसवला की सगळेच उपाशी राहतात. ‘मृगापासून दिवाळीपर्यंत’ अशी कथा असेल, तर ‘काट्यावर गाडी उभी केल्यापासून चुकाऱ्याचा कागद हातात पडेपर्यंत’ एवढीच करून पाहा. आधीचं सगळं त्या एका रांगेत, दोघांच्या बोलण्यात येऊ शकतं.

जुन्या काळातली कथा असेल तर सालं तपासा. या चुका संपादकाच्या सुटल्या तरी गावच्या वाचकाच्या सुटत नाहीत. बीटी कापसाला परवानगी २००२ मध्ये मिळाली, म्हणजे १९९५ च्या कथेत त्याची पाकिटं येत नाहीत. एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी खरेदीलाच घालायचा, ही १९७२ पासून होती. १९८५ च्या कथेत शेतकरी उघडपणे खाजगी व्यापाऱ्याला कापूस घालून रोख घेऊन घरी आला, तर ती चूक आहे. मात्र तो रात्री गाडी भरून चोरून परराज्यात निघाला, तर ती चूक नाही, ती वेगळीच कथा आहे. गुलाबी बोंडअळीनं विदर्भ उद्ध्वस्त केला ते साल २०१७. कोणत्या साली कोणाच्या घरी मोबाइल होता, हेही एकदा विचारून घ्या.

आत्महत्येची कथा लिहूच नये असं नाही. ती शेवटी ठेवू नका, पहिल्या पानावर घ्या. खरा गुंता नंतर सुरू होतो: पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं ‘पात्र’ की ‘अपात्र’. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण जमीन कुटुंबाच्या नावावर पाहिजे आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. सातबारा सासऱ्याच्या दुसऱ्या पोराच्या नावावर निघाला, किंवा उसनवारी गावातल्याच एका बिनपरवान्याच्या माणसाची निघाली, आणि तोच माणूस तेरवीच्या पंगतीत वाढतोय! हे शहरातला लेखक बसल्या जागी रचू शकत नाही. तुम्हाला रचावं लागणारच नाही.

आता बोली. सगळं वऱ्हाडीत की फक्त संवाद, हा पहिला निर्णय. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद वऱ्हाडीत ही वाट सगळ्यात रुळलेली आहे. तिचा धोका असा की निवेदक पाहुणा वाटायला लागतो. त्यावर उपाय: निवेदनाचं व्याकरण प्रमाण ठेवा, नामं सगळी गावची ठेवा. शेत लिहू नका, वावर लिहा. बांध लिहू नका, धुरा लिहा. अख्खं निवेदन वऱ्हाडीत हवं असेल तर ‘मी’ म्हणून बोलणारं पात्र घ्या. तटस्थ निवेदक वऱ्हाडीत बोलू लागला की तो कोण आहे, हे वाचक शोधत राहतो.

दुसरा निर्णय उच्चारांचा, आणि बहुतेकांचा पाय इथंच घसरतो. जे कानाला ऐकू येतं ते सगळं अक्षरात उतरवायचं नसतं. ‘-ले’ प्रत्यय, ‘रायलो’, ‘माहा-तुहा’, ‘जा लागते’, ‘काहून’, ‘मंग’ ही वऱ्हाडीची सही आहे, ती ठेवा. ‘ण’चा ‘न’ संवादात चालतो, त्यानं वाचक अडखळत नाही. ‘ळ’चा ‘य’ मात्र जपून. बोलताना ‘माळ’ची ‘माय’ होते आणि ऐकणारा समजून घेतो, पण छापील पानावर ‘गळ्यातली माय’ वाचून वाचक थबकतो. म्हणून वरच्या नमुन्यात मुद्दाम ‘यवतमाळले’ आणि ‘पोळ्याले’ ठेवलंय. ‘डोया’, ‘शाया’ असे तीन-चार निर्धोक शब्द सगळ्यात म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी द्या, तेवढ्यानं त्याचं वय कळतं.

हे निर्णय एका कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पान दोनवर ‘आहे’, पाचवर ‘हाय’ आणि नऊवर ‘हाये’ असं होतं. मुद्रितशोधकाला तुमचा नियम ठाऊक नसला की तो आपल्या अकलेनं ‘सुधारतो’. तो कागद कथेसोबत पाठवला तर कोणी रागावत नाही.

गावातले सगळे एकच बोलत नाहीत हेही विसरू नका. तांड्यावरची बंजारा माणसं घरात आपली गोरमाटी बोलतात आणि बाजारात वऱ्हाडी. साताऱ्याकडून बदली होऊन आलेला ग्रामसेवक ‘मला’च म्हणणार. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या पात्राला सरसकट वऱ्हाडी लावाल तर तिकडचा वाचक पुस्तक मिटेल. त्यांची झाडीबोली वेगळी, कामंही वेगळी, तिकडं बांधीत रोवणी चालते. बोलीतला बदल हीच घटना होऊ शकते. पुण्याहून वर्षानं आलेला पोरगा जेवताना ‘मला नको’ म्हणतो आणि माय वाढता वाढता थांबते. दोन शब्दांत वर्षभराचं अंतर आलं, तिथं भाष्य नको.

अवघड शब्दांचा अर्थ कंसात किंवा तळटीपेत देऊ नका. वाक्यातच त्याला काम द्या. ‘मार्च लागला तरी त्यानं पऱ्हाटी उपटली नव्हती, फरदडीचा क्विंटलभर तरी निघेल म्हणून पाणी देत होता.’ फरदड म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या वाचकालाही यातून कळतं, शिवाय माणसाची नडही कळते.

टंकनाबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. कथा युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्यात मजकूर जुन्या फाँटमध्ये फिरवला की सगळ्यात आधी ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ मोडतात. ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’ होते आणि ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. अंतिम मुद्रित हातात आलं की हे दोन शब्द शोधून पाहा. ते धड असतील तर बाकीचं बरंचसं धड असतं.

लिहिण्याचं वेळापत्रक शेतीशी भांडून बसत नाही, शेतीला धरून बसतं. दिवाळी अंकांच्या कथा साधारण मे ते जुलैमध्ये मागवल्या जातात. म्हणजे कापूस आटोपल्यावर फेब्रुवारीत पहिला खर्डा, रोज तीनशे शब्द धरले तर दहा-बारा दिवसांचं काम. होळीला तो बांधून ठेवा, महिनाभर हात लावू नका. एप्रिलमध्ये मोठ्यानं वाचा, घरातल्या कोणाला तरी ऐकवत. ऐकणारा जिथं पाणी प्यायला उठतो, तिथं खूण करा. पहिलं पान बहुधा अख्खं जातं, कारण त्यावर पहाट, कोंबडा आणि गावाचं वर्णन असतं.

पाठवताना एक कथा एका वेळी एकाच संपादकाला. फोनवर काढलेले पानांचे फोटो नकोत. शब्दसंख्या, पत्ता, फोन आणि ‘अप्रकाशित’ हा शब्द शेवटी लिहा. अख्खी कथा आधी फेसबुकवर किंवा गावच्या ग्रुपवर टाकलेली असेल तर बरेच संपादक ती प्रकाशित धरतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. तीन महिने वाट पाहा, एक आठवण द्या, मग दुसरीकडं पाठवा. मानधन किती, हे स्वीकृती कळल्यावर लगेच विचारा. अनेक ठिकाणी फक्त अंक मिळतो, पण तेही आधी ठाऊक असलेलं बरं. अंकात कथा छापून आली म्हणून हक्क अंकाचे होत नाहीत. लेखी हस्तांतर केलं नसेल तर ते तुमचेच.

आता ते पंचेचाळीस हजार. अकरा कथा सरासरी तीन हजार शब्दांच्या धरल्या तर तेहतीस हजार शब्द. डेमी आकाराच्या पानावर अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. सुरुवातीची पानं आणि प्रत्येक कथा नव्या पानावर धरून साधारण १४४ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ फर्मे. तीनशे प्रतींना पंचेचाळीस हजार म्हणजे प्रत दीडशेला पडली. किंमत २५० ठेवली आणि विक्रेत्यानं चाळीस टक्के घेतले, तर तुमच्या हातात दीडशेच येतात. त्यात पन्नास प्रती अभिप्रायाला, पाहुण्यांना, शाळेला जातातच. उरलेल्या अडीचशे सगळ्या दुकानातून खपल्या तरी साडेसदतीस हजार होतात. साडेसात हजारांची तूट, तीही सगळं खपलं तर. स्वतः हातानं दोनशेला विकल्या तर पन्नास हजार होतात, त्यातून पाच हजार सुटतात आणि एसटीचं भाडं तुमच्याकडं लागतं.

म्हणून आधी यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरच्या दोन छापखान्यांकडून सुटा दर घ्या: अक्षरजुळणी पानाला किती, मुद्रितशोधन पानाला किती, मुखपृष्ठ किती, ७० जीएसएम वजनाच्या कागदावर छपाई आणि बांधणी प्रतीला किती. हे आकडे हातात घेऊन प्रकाशकाशी बोला. पैसे तुमचे असतील तर सगळ्या प्रती तुमच्या, हे लेखी पाहिजे. पैसे घेऊनही ‘प्रती आमच्याकडे, रॉयल्टी दहा टक्के’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो आणि स्वतः प्रकाशक असलेल्या लेखकालाही मिळतो. मग १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायची जबाबदारीही तुमच्यावर येते.

पैसे देण्यात एक छुपा तोटा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. घाईनं स्वखर्चानं संग्रह काढला की तो रस्ता गेला. आधी तिथं हस्तलिखित द्या, तोवर तीन-चार कथा अंकांतून येऊ द्या. कथा पाठवायला विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ हे नियतकालिकही आहेच.

खर्च करणारा प्रकाशक मिळाला तर करारात चार गोष्टी बघा. मुदत किती, लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच, म्हणून ‘वेगळं’ काय लिहिलंय ते नीट वाचा. चौथं, पुस्तकाच्या कागदावर ऑडिओ, नाटक, चित्रपट, वेबमालिका यांचे हक्क जाऊ देऊ नका. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ ही ओळ सहीआधी खोडून बाजूला दोघांनी सही करायची. तुमच्या कथेत संवाद चांगले असतील तर वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्यांना त्यातून नाटक सुचू शकतं. तो व्यवहार वेगळा आणि त्याचं मानधनही वेगळं.

अकरांतली पहिली कोणती घ्यायची? जिच्यात काटा, वजन किंवा चुकारा आहे ती, कारण तिचे रकाने तुम्हाला पाठ असतील. आत्महत्येच्या कथा यंदा बांधून ठेवा. मे संपायच्या आत एक कथा एका अंकाकडं पोचली पाहिजे. मृग लागला की तुम्हाला वेळ नसतो, आणि जुलै सरला की संपादकाकडं पानं नसतात.